कनवटीची गाठ

त्या दिवशी सकाळपासून वारा पडलेला होता. माघातली थंडी ओसरत आली होती, ऊन अजून कोवळं होतं, आणि लिंबाची पिवळी पानं एकेक करून खाली येत होती. घाई कुणालाच नव्हती. अशा त्या सकाळी एका गावात एक म्हातारा आपल्या दमणीवरची धूळ पुसत बसला होता. त्याचं नाव सिदबा.

दमणी म्हणजे माणसं बसवून न्यायची हलकी बैलगाडी. वर कमानीचं छप्पर, आत गादी, जुवाला घुंगरं. गावच्या कितीतरी लेकी या दमणीतून सासरी गेल्या आणि पहिल्या बाळंतपणाला माघारी आल्या. सिदबाची हौसाबाईसुद्धा यातूनच आली. नव्या नवरीनं वाटेत बोलू नये असा तेव्हा रिवाज होता. पण घुंगरांच्या आवाजात गाडी हाकणाऱ्या सासऱ्याला काही ऐकू जात नाही, एवढं तिनं हेरलं आणि त्या वाटेवर ती सिदबाशी पहिल्यांदा बोलली. काय बोलली, ते दोघांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

आता बैल नव्हते. हौसाबाईचे कानही गेले होते. तिला एक गोष्ट सांगायची तर ती साऱ्या गल्लीला ऐकवावी लागे. मग नवरा-बायकोनं बोलायचं तरी काय? डॉक्टरनं दोन्ही कानांत घालायची यंत्रं सांगितली होती. दुधाचे पैसे त्यासाठीच बँकेत साठवले होते, पण ते पुरत नव्हते. तेव्हा सिदबानं मनाशी ठरवलं, दमणी विकायची. हौसाला परत ऐकू येणार असेल, तर दमणी गेली तरी चालेल.

सून शालन म्हणाली, "मामा, आता बाजारात न्यायची गरज न्हाई. जुन्या वस्तू इकायची जागा मोबाइलवर असती. घेणारा आपणहून फोन करंल." तिनं दमणीचा फोटो काढला आणि टाकला.

सिदबाला मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. त्याचा जन्म जनावरांच्या बाजारात गेलेला. तिथं चिंचेखाली सौदे व्हायचे. घेणारा बैलाचे दात बघायचा, चालवून बघायचा, नसलेली खोड काढायचा. मग उपरण्याखाली हातात हात जायचे आणि बोटांनीच भाव ठरायचा. ठरला की घेणारा धोतराच्या कनवटीची, पैसे बांधलेली गाठ सोडायचा आणि विकणाऱ्याच्या तळहातावर इसार ठेवायचा. इसार म्हणजे थोडेसेच पैसे, पण सौदा पक्का झाल्याची खूण. एकदा तो घेतला, की दुसऱ्या कुणी दुप्पट दिले तरी मान हलवायची नाही. सिदबाच्या घरात कुणी घेतलेला इसार फिरवला नव्हता. आणि साक्षीला नेहमी शेजारचा बाबालाल असायचा. बैलांना नाल मारणारा बाबालाल, सिदबाच्याच वयाचा.

धूळ पुसून होते न होते तोच फोन वाजला.

"नमस्कार काका. मी फौजेत आहे. तुमची गाडी फार आवडली. तुम्ही म्हणाल तो भाव देतो."

"बघायला कवा येतासा?"

"ड्यूटीवर आहे, काका. आणि बघायचं काय त्यात? तुमच्यासारख्या देवमाणसावर विश्वास आहे माझा. फक्त दुसऱ्या कुणाला देऊ नका. मी आत्ताच टोकन पाठवतो."

"म्हंजी इसार?"

"हो हो, इसारच समजा."

फोन टिंग करून वाजला. थोडे पैसे आल्याचं शालननं वाचून सांगितलं. इसाराला नमस्कार म्हणून सिदबाचा हात आपोआप कपाळाला लागला. इसार आला, सिदबा बांधला गेला.

हौसाबाईनं विचारलं, "कोण व्हतं?"

"गिऱ्हाईक!" सिदबा ओरडला. "फौजी हाय!"

"मग कुठाय?"

"फोनात!"

"फोनात बसून चाकं कशी वाजवून बघितली त्यानं?"

गल्लीतलं कुणीतरी हसलं. सिदबाही हसला. म्हणाला, "तुला न्हाई कळायचं ते." पण तिला ते ऐकू गेलं नाही.

दुपारी फटफटीवरून एक माणूस आला. म्हस्कू त्याचं नाव, पलीकडच्या वाडीचा. रामराम करायच्या आधीच त्यानं दमणीच्या चाकाला हात घातला. बोटांनी आरे वाजवले. उताणा होऊन गाडीखाली शिरला आणि तिथूनच बोलला, "आबा, उजव्या चाकाची लोखंडी धाव ढिली झालीया."

"धाव ढिली न्हाई, तुझी नजर ढिली हाय."

"आणि ह्यो आरा किडलाय."

"किडलेला न्हाई. डाग हाय तो जुना, तेलाचा."

सिदबाला किती वर्षांनी असं बरं वाटत होतं! खोड काढणारा माणूस भेटला, की माल विकतोय असं वाटतं. म्हस्कू बाहेर आला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "लेकीची वरात काढायचीया दमणीतनं. तिचा हट्टच हाय. बैल मी पाव्हण्यांकडनं आणतो. बोला, काय द्यायचं?"

सिदबाला 'घेऊन जा' म्हणावंसं वाटलं. पण त्यानं नाही अशी मान हलवली. "न्हाई बाबा. सकाळीच इसार घेतलाय."

"मग बोलणंच खुंटलं," म्हस्कू म्हणाला. "इसार झालेल्या मालाला हात लावणं बरं न्हवं." त्यानं चहा घेतला आणि गेला. जाताना एकदा वळून दमणीकडं बघितलं तेवढं.

दिवेलागणीला पुन्हा फोन आला. शालन डेअरीत दूध घालायला गेली होती.

"काका, सगळे पैसे पाठवतोय. तुमच्या फोनवर ठिपक्याठिपक्यांचं चौकोनी चित्र आलंय, ते उघडा. त्यावर तुमचा गुप्त आकडा घाला, की पैसे जमा."

दुकानात पैसे द्यायचे तेव्हा असलंच चित्र असतं आणि असाच आकडा घालायचा असतो, ते सिदबाला शालननं शिकवलेलं. तो थबकला. "पैसं तर मला यायचं. मग आकडा मी कशापायी घालू?"

"आमच्या खात्यातून पैसे असेच सुटतात, काका." आवाज जरा कडक झाला. "टोकन घेतलंय ना तुम्ही? आता शब्द फिरवणार का?"

नेमकं वर्मावर बोट पडलं. शब्द फिरवणार का? सिदबाला बाप आठवला, चिंच आठवली, तळहातावरचा इसार आठवला. त्यानं आकडा घातला.

फोन टिंग करून वाजला. काय आलं ते सिदबाला वाचता येईना.

"अरेरे, उलटं झालं काका! तुमचेच पैसे इकडे आले. काळजी करू नका. तेच चित्र, तोच आकडा, परत एकदा घाला. सगळे एकदम मिळतील. लवकर करा!"

सिदबाचं बोट पुन्हा आकड्यांकडं गेलं आणि अडलं. हौसाबाई चुलीपुढं बसली होती. तिला यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं. पण नवऱ्याचा चेहरा तिला दिसत होता, आणि असला चेहरा तिनं बैल दगावला तेव्हाच बघितला होता. ती उठली, मागच्या दारानं गेली आणि बाबालालच्या हाताला धरून त्याला घेऊन आली.

"कुणाशी सौदा चाललाय?" बाबालालनं विचारलं.

सिदबानं तुटक तुटक सांगितलं. फोनातून आवाज येतच होता, "काका, लवकर! शब्द दिलाय तुम्ही!"

बाबालालला मोबाइलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानं आपला रापलेला तळहात त्या चित्रावर आडवा ठेवला. "थांब," तो म्हणाला. "या सौद्याला मी साक्षीला न्हवतो." मग फोन सिदबाच्या हातातून काढून घेता घेता तो आणखी एक वाक्य बोलला. ते ऐकून सिदबानं बोटं सैल सोडली. पलीकडून फोन बंद झाला.

शालन आली, तिनं बघितलं. साठवलेल्यातले निम्मे पैसे गेले होते. तिनं लगेच बँकेत कळवलं, पोलिसांत कळवलं. तक्रार लिहून घेतली गेली. पैसे परत येतील की नाही, ते कुणी सांगेना.

सिदबा जेवला नाही. म्हणाला, "बाबालाल, त्याचा इसार तेवढा माझ्याकडं राहिलाय. तो परत धाडाय पायजे."

बाबालालनं कपाळावर हात मारला. "पोत्यानं नेलं त्यानं, अन् तू चिमटीभर परत धाडतोस? येड्या, तो इसार न्हवता. गळाला लावलेली कणीक व्हती ती."

सिदबाला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. हौसाबाईनं त्याच्यापुढं भाकरी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दोघे म्हातारे म्हस्कूच्या वाडीला गेले. म्हस्कूनं सगळं ऐकून घेतलं. भाव पाडायची संधी होती, पण सिदबा म्हणाला तोच भाव त्यानं धरला. बाबालालनं आपलं उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं, उगीच, जुनी हौस म्हणून. मग म्हस्कूनं खिशातून पैसे काढले आणि सिदबाच्या तळहातावर इसार ठेवला. तिघांनी एकमेकांकडं बघितलं. सौदा झाला.

त्या पैशांत आणि उरलेल्यात एकाच कानाचं यंत्र आलं. दुसरा कान राहिला. पण म्हस्कूच्या लेकीची वरात गावावरून गेली, तेव्हा हौसाबाई दारात उभी होती. लांबून घुंगरं वाजली. तिनं मान कलती केली, ऐकलं, आणि सिदबाच्या कानाशी लागून काहीतरी हळूच बोलली. बहुतेक त्या वाटेवरचंच असावं, कारण म्हातारा नव्या नवऱ्यासारखा लाजला.

तात्पर्य: मोबाइलवर जुनी वस्तू विकताना किंवा घेताना माणूस आणि माल आपल्या डोळ्यांनी बघावा, घाई करणाऱ्याला थांबवावं, जाणत्याला शेजारी बसवावं, आणि पैसे आपल्याला यायचे असतील, तेव्हा आपला गुप्त आकडा कधीच घालू नये. त्या संध्याकाळी सिदबाच्या हातातून फोन काढून घेताना शेजारच्या बाबालालनं हेच सांगितलं होतं: "सिदबा, लेका, इकणाऱ्यानं नुसता तळहात पसरायचा असतो. कनवटीची गाठ घेणाऱ्यानं सोडायची असती!"