उलथण्याची जागा

घरोघरी गॅस यायच्या कितीतरी आधी एका स्वयंपाकघरात एक लाकडी उलथणं राहत होतं. ते भांड्याच्या तोंडावर आडवं ठेवलं की आतलं उतू जात नसे. दुधाच्या पातेलीने ते स्वतःच्या जाळीच्या कपाटात ठेवून घेतलं होतं, आणि त्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं.

एका सकाळी चुलीवर वरणाचा टोप उकळायला लागला. शेजारच्या वैलावर, म्हणजे त्याच जाळावरच्या धाकट्या चुलीवर, दूध नुकतंच कोमट होत होतं.

“पातेलीताई, उलथणं द्या हो, वरण वर आलंय!”

“दुधाचं आहे ते. तुम्ही पळी ठेवा की आडवी.”

“ठेवली होती. बुडाली!”

तेवढ्यात वरण उतू गेलं आणि चूल विझली. वैलही गार पडला. पातेली घाबरली, कारण तापलं नाही तर दूध दुपारपर्यंत नासणार.

फुंकणीने गाल फुगवून कसेबसे निखारे फुलवले. पातेली ओशाळून म्हणाली, “उलथणं इथे चुलीजवळच्या खुंटीला टांगूया.”

“पण ते दुधाचं ना?” टोपाने चिमटा काढला.

“उतू जाणाऱ्यांचं आहे ते,” पातेली म्हणाली, “आणि त्यात आपण सगळेच आलो.”