एका भोकातल्या पाच गोळ्या

माळावर हौशी नेमबाजांचा एक क्लब होता. तिथं निशाणाचे कागद बदलायचं काम शेवंताकडं. एका रविवारी दादासाहेब हुंबरे परदेशी रायफल घेऊन आले. दुर्बीण नवी, जाकीट नवं, कोपराखालची गादीसुद्धा नवी. तासभर सगळ्यांनी त्याचंच कौतुक केलं. मग दादासाहेबांनी पाच गोळ्या झाडल्या. कागदावर भोक पडलं एकच, पण अगदी मधोमध.

"पाचही एकाच भोकातून गेल्या!" दादासाहेब म्हणाले.

"एकच लागली, साहेब," शेवंता म्हणाली.

"तुला काय कळतंय गं? सुभेदार, हिला आजच कामावरून काढा."

क्लब दादासाहेबांच्या देणगीवर चालायचा. क्लब सांभाळणारे सुभेदार खाली बघत राहिले.

शेवंतानं फावडं उचललं. "निशाणामागची माती मी सकाळीच चाळून घातलीय. त्यानंतर इथं नेम धरला तो साहेबांनीच. भोकामागं पाच गोळ्या निघाल्या, तर मी आपल्या पायानं घरी जाते."

माती उकरून चाळली. गोळी निघाली एक.

"बाकीच्या खोल गेल्या असतील," दादासाहेब पुटपुटले.

"मग ही एकटीच वर का बसून राहिली?" शेवंतानं फावडं त्यांच्या हातात दिलं. "घ्या, तुम्हीच खणा. सुभेदार, पुढचा कागद लावू का?"

"लाव," सुभेदार म्हणाले.