चांगुणेच्या कातळाचं कापड

त्या कातळाला गुंडाळलेलं निळं कापड हात लावून बघा. लावा, लावा, पाप नाही लागत. जाडंभरडं आहे ना? कडेला शिवण नाही, दोरे लोंबतायत. परवा एक बाई भारी रेशमी साडी घेऊन आल्या, कातळाला नेसवा म्हणाल्या. मी परत पाठवली. इथं रेशीम चालत नाही.

आणि ताई, तुमच्या लेकीला मघाशी विचारलं, ही अंगातली डंगरी कुठली गं? तर म्हणते, अमेरिकेची! अगं पोरी, कापड गेलं, नाव तरी आमचं राहू दे! ह्या टेकडीला आम्ही डोंगरी म्हणतो, आणि हिच्या पायथ्याशी विणलेल्या कापडालाही डोंगरीच म्हणायचे. पुस्तकवाले सांगतात, तो शब्द मुंबईच्या डोंगरीवरून साहेबाच्या भाषेत गेला. सांगू देत बापडे. आमचे म्हातारे काय सांगायचे ते ऐका.

गलबतांच्या काळात म्हणे इथं साळ्यांचे चाळीस माग होते. त्यातला एक चांगुणेचा. बाई विधवा, पण तिच्या हातचं कापड दोघांनी ओढलं तरी फाटायचं नाही. तिला एकच पाठचा भाऊ, बुधा. तो माग सोडून खलाशी झाला होता. खाली बंदरात एक गोरा व्यापारी राहायचा. साळ्यांचं तयार कापड तो वखारीत भरायचा, कुलूप लावून किल्ली कमरेला अडकवायचा. पण स्वतःच्या गलबताला शीड मात्र विलायती, पांढरंशुभ्र! डोंगरी कापड म्हणजे हमालांच्या चड्ड्यांचं, असं तोंडावर बोलायचा मेला.

एका वैशाखात साहेब गलबतावर असताना वादळ उठलं. त्याच्या त्या शुभ्र शिडाच्या चिंध्या झाल्या आणि गलबत खडकांकडे वाहू लागलं. गलबतावर बुधाही होता. कोळी म्हणाले, आम्ही होडी घालतो, पण गलबताच्या शिडाला कापड द्या. कापड कुठलं देणार? सगळं वखारीत, आणि किल्ली बुडणाऱ्या साहेबाच्या कमरेला!

मागांवर अर्धं विणलेलं कापड होतं. पण साळ्यांचा नियम असा, की कापड पुरं झाल्याशिवाय त्याला कात्री लावायची नाही. लावली तर माग रुसतो. चाळीस घरांतले बाप्ये हात बांधून उभे राहिले. अकरा माणसं डोळ्यांदेखत मरत होती आणि हे नियम सांगत बसले! चांगुणा घरात गेली, कात्री घेतली आणि मागावरचं कापड कापून कोळ्यांच्या अंगावर फेकलं. त्यांनी ते होडीतून गलबतावर पोचवलं, आणि त्याचं शीड करून गलबत काठाला आलं. अकराच्या अकरा वाचले.

मग साहेबानं काय केलं असेल? ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं! वहीत लिहिलं म्हणे, डोंगरी म्हणजे खलाशी-हमालांच्या लायकीचं हलकं कापड. तोच शब्द, त्याच अर्थानं, जहाजात बसून जगभर गेला. ज्या कापडानं जीव वाचवला त्याला हलकं म्हणताना जीभ झडली नाही मेल्याची!

पण तो परका. आपल्यांनी काय दिवे लावले? साळ्यांचा म्होरक्या होता तुका दिवटे. दुसऱ्या दिवशी त्यानं पंच बसवले. बाईनं नियम मोडला, आता तिनं मागावर बसायचं नाही, असं ठरवून त्यानं तिचा आडवा दोरा फिरवायचा धोटाच काढून घेतला. चांगुणेनं एवढंच विचारलं, "मग बुधाला बुडू द्यायचा होता का?" पंच उठले आणि आपापल्या मागावर जाऊन बसले. ती ह्या कातळावर येऊन बसायची, खालच्या मागांचा आवाज ऐकत. पोटाला बुधा देत होता, पण हात रिकामे. तीन वर्षांनी इथंच गेली.

ती गेली त्याच घटकेला, असं सांगतात, सगळ्या मागांचे ताणे तटातट तुटले. बांधले की तुटायचे, पुन्हा बांधले की पुन्हा तुटायचे. महिनाभर असं चाललं. शेवटी तुका दिवट्याच्या बायकोनंच कात्री उचलली, नवऱ्यादेखत घरच्या मागावरचं अर्धं कापड कापलं आणि ह्या कातळाला गुंडाळलं. तेव्हा कुठं दोरे टिकले.

आजही वैशाखात आळीतली एक बाई अर्धं कापड विणते, मागावरच कापते आणि ह्या कातळाला गुंडाळते. माग आता एकच उरलाय. तिच्या हातात कात्री द्यायची ती दिवट्यांच्याच पुरुषानं. दोन्ही हातांनी द्यायची आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, "चांगुणाबाई, चूक आमची."

मी हरी दिवटे. चाळीस वर्षं मीच म्हणतोय. एकदाही मान वर करून म्हणता आलेलं नाही.