वावडीवरचे बोलणे

हे खरे तर बाहेरच्या माणसांना सांगायचे नसते. खळ्यावरचे खळ्यावरच राहू द्यावे, असे आम्हाला लहानपणापासून बजावलेले आहे. पण तुम्ही दोनदा विचारलेत, आणि रास मोजायला अजून थोडा वेळ आहे, म्हणून सांगते.

टेंभूरवाडीच्या खिंडीखालचे हे गोल खळे सगळ्या वाडीचे आहे. मळणी आता यंत्रावर होते, त्यामुळे वाऱ्याची वाट कुणी बघत नाही. तरीही शाळूची ज्वारी निघाली की खळे शेणाने सारवतात आणि मधोमध ही तीन पायांची उंच लाकडी वावडी उभी करतात. पूर्वी तिच्यावर चढून मळलेले धान्य वाऱ्यावर सोडत, म्हणजे उपणत. भूस उडून जाई आणि दाणा खाली पडे. आता तिच्यावर चढून माणूस फक्त बोलतो. असे का, याची गोष्ट अशी सांगतात.

फार पूर्वी इथे भिवाजी नावाचा शेतकरी होता. त्याची बायको येसाई. त्यांच्या मुलाचे लग्न होऊन राही नावाची सून घरात आली. ती घाटाखालची, भाताच्या मुलखातली. ज्वारीचे पीक तिने पाहिलेसुद्धा नव्हते.

येसाईचा पेरणीत मोठा मान होता. पाभरीमागे, म्हणजे पेरायच्या अवजारामागे, चालत ती मुठीने त्याच्या चाड्यात, वरच्या लाकडी वाटीत, बी सोडायची, आणि तिच्या ओळीत म्हणे कधी खाडा पडत नसे. बीही तिचे स्वतःचे. उभ्या पिकातून हिंडून ती भरदार कणसे निवडायची आणि त्यांचे दाणे राखेत कालवून एका घटात ठेवायची.

एकदा घरातले बाकी सगळे दोन दिवस लांबच्या रानात मुक्कामाला असताना राहीचा भाऊ आणि त्याच्याबरोबरचे तिघे गाडीवाले दारात आले. माहेरची माणसे पहिल्यांदाच आली होती आणि डब्यात पीठ जेमतेम दोन भाकरींचे. कणगीतली ज्वारी किडलेली, ती पाहुण्यांना कशी घालायची? राहीने घरात शोधले, तेव्हा तिला राखेत कालवलेल्या दाण्यांचा घट सापडला. तिच्या माहेरी पावसाळ्यात खायचे धान्य असेच राखेत ठेवत. तिने अर्धा घट उपसला, दाणे धुतले, वाळवले, दळले आणि चौघांना दोन दिवस पोटभर जेवू घातले. भाऊ जाताना म्हणाला, “राहे, तुझ्या घरची भाकरी लई गोड.” तिला फार बरे वाटले.

चार दिवसांनी येसाई घटावर हात ठेवून तिला म्हणाली, “ह्याला शिवायचं न्हाई बरं का, पोरी. माझ्या सासूच्या सासूपासनं चालत आलेलं बी हाय. हस्त लागला की पेरायचं.”

राहीने तेव्हाच बोलायला हवे होते. पण घराचे बी माहेरच्यांना खाऊ घातले, हे वाक्य तिच्या तोंडातून निघेना. दुपारी तिने कणगीतली खायची ज्वारी काढली, चुलीतल्या राखेत कालवली आणि घट पूर्वीसारखा भरून ठेवला. कणगीतल्या दाण्याला कीड लागलेली होती, हे तिला दिसत होते.

पेरणी झाली. आठ दिवसांनी कोंब वर आले, तर ओळीत जिकडेतिकडे खाडे. भिवाजी बांधावर उभा राहून बघत राहिला. संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, “येसे, तुझा हात गेला आता. मुठीतनं अर्धं पाखरांना वाटतीस का काय?”

 येसाईने ताटातली भाकरी मोडली.

“म्हातारीला आता चाड्यावर धरू नका,” भिवाजी मुलाला म्हणाला. “रास झाली की बियाची वटी सुनंला दे, येसे. पुढच्या साली ती पेरंल.”

बियाची वटी म्हणजे पेरताना कमरेला बांधायची कापडी झोळी. ती मिळणे हा घरातला सगळ्यात मोठा मान होता. राहीला तो मिळणार होता, तिच्याच चुकीमुळे. सासू त्या दिवसापासून कमी बोलू लागली. तिचे हात खरेच थरथरतात की काय, हे राही चोरून बघायची. ते थरथरत नव्हते.

माघ सरता सरता कापणी झाली, बैलांनी मळणी झाली, आणि उपणायच्या दिवशी वारा पडला. या खिंडीतून दुपारी वारा येत नाही, असे कधी झाले नव्हते, असे सांगतात. त्या वर्षी तीन दिवस पान हलले नाही. चौथ्या दिवशी डोंगरामागे आभाळ काळे झाले. पाऊस आला असता तर होते तेवढेही भिजून काळे पडले असते. वाडीतली माणसे खळ्याच्या कडेने उभी होती. भिवाजी वावडीवर पाटी घेऊन ताटकळला आणि शेवटी खाली उतरला.

तेव्हा राही वावडीवर चढली. आधी सगळ्यांना वाटले, ती उपणणार. पण तिने पाटी घेतली नाही.

“आत्याबाईंचा हात गेलेला न्हाई,” ती म्हणाली. “घटातलं अर्धं बी मी दळलं. माझ्या भावाला जेवू घातलं. आन् मग किडकं भरून ठेवलं.”

खळ्यावर कुणी हलले नाही. वाराही आला नाही. राही तशीच वर उभी राहिली. उतरायचे कसे तेही तिला सुचेना. ढग आणखी खाली आले.

मग येसाई पुढे आली. “उतर,” ती म्हणाली. राही उतरली आणि म्हातारी वावडीवर एकटी चढली.

“मला पहिल्या मुठीलाच कळलं हुतं,” ती म्हणाली. “हलका दाणा मला कळत न्हाई व्हय? पाभर थांबवाया पायजे हुती. शेजारनं बी मागून आणता आलं आसतं. पर मी म्हनलं, बघू तर किती दिस दडवती. पोरीचं तोंड उघडायची वाट बघत बसले आन् वावर उपाशी ठिवलं. बैलांच्या तोंडचा कडबा निम्मा झाला माझ्यापायी.”

तिचे बोलणे संपले आणि खिंडीतून वारा आला, असे सांगतात. भिवाजीने पाटी भरली आणि बायकोच्या हातात वर दिली. पावसाच्या आधी रास घरात गेली. रास लहानच होती, पण दाणा येसाईने हातात घेऊन पाहिला आणि तो तिच्या ओळखीचा निघाला. किडके उगवलेच नव्हते. जे उगवले, ते जुन्याच बियाचे होते.

वटी येसाईने दिली नाही. “आजून शिकायचीय तुला,” ती म्हणाली. पुढच्या हस्तात दोघी पाभरीमागे चालल्या, आणि प्रत्येक मुठीला येसाई विचारायची, “जड का हलकी?” राहीने सांगितल्याशिवाय बी चाड्यात पडत नसे.

आजही रास मोजायच्या आधी घरातले लहान माणूस वावडीवर चढते आणि वर्षभरात शेतात केलेली आणि दडवलेली चूक सांगते. पाणी चालू ठेवून झोपी गेलो, वासराचे दावे सैल बांधले, असे काहीही. कुणी रागवायचे नाही आणि नंतर विषय काढायचा नाही. पण रास तेवढ्याने हलत नाही. सगळे जण मग घरातल्या थोरल्या माणसाकडे बघतात. तेही चढल्याशिवाय मापाला हात लावत नाहीत. काही वर्षी त्याला फार वेळ लागतो.

आमच्या घरात यंदा लहानांपैकी माझी पाळी होती. मी सकाळीच सांगून टाकले. तेव्हापासून घरातले थोरले, आमचे आप्पा, वावडीच्या पायाला हात लावून उभे आहेत. गेल्या साली ते चढलेच नव्हते, गुडघ्याचे कारण सांगून, आणि आमची रास न मोजताच घरात गेली. आता त्यांनी चपला काढल्यात, म्हणजे बहुतेक ते…

“कौसे, कुणाशी बोलत बसलीस गं? ये लवकर, आप्पा चढायलेत.”