सशाची मोजणी आणि बेकार शेणकिडा

ही गोष्ट खरी आहे. आईशप्पथ. म्हणजे मी काही तिथे नव्हतो. ज्या माकडाने मला सांगितली ते तिथे होतं, पण ते सकाळी एक सांगतं आणि दुपारी दुसरं, त्यामुळे मी त्याच्याकडून फक्त दुपारचं घेतलंय. आकडे तेवढे सशाचे आहेत, आणि आकड्यांच्या बाबतीत सशावर डोळे मिटून विश्वास ठेवायला हरकत नाही. गोष्टीचा दर नेहमीचाच. माणशी एक चिक्की, ती शेवटी.

तर, डोंगराच्या अलीकडच्या जंगलात एक ससा राहत होता आणि त्याला मोजायची सवय होती. बिळापासून झऱ्यापर्यंत उड्या किती, हे तो रोज मोजायचा. रोज एकोणीसच भरायच्या, तरी दुसऱ्या दिवशी परत मोजायचा. त्याच्या शेजारी एक हरिणी होती. तिचं मन इतकं कोवळं, की झाडाचं पान गळलं तरी ती रडायची. शिशिरात तिला फुरसत म्हणून मिळायची नाही. आणि एक शेणकिडा होता. शेणाचे गोल गोळे करून ढकलत न्यायचे, हा त्याचा वाडवडिलांपासूनचा धंदा. पण त्या जंगलात सगळे ससे नाहीतर हरणं, आणि लेंडी जन्मतःच गोल असते. "यात मी काय गोल करू?" असं जो भेटेल त्याला विचारत तो बेकार हिंडायचा.

एका वैशाखात डोंगराच्या पलीकडचं जंगल वणव्यात जळालं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाच गवे आणि एक वासरू अलीकडे उतरले आणि हद्दीवरच्या काळ्या दगडापाशी थांबले. पुढे एक मादी होती. गव्याच्या मादीला काय म्हणतात ते मला माहीत नाही, मी गवी म्हणतो. वासरू तिचंच. त्याची जीभ बाहेर आली होती आणि चारही पाय वेगवेगळे थरथरत होते.

गवी सशाला म्हणाली, "दादा, पाऊस पडेपर्यंत राहू द्या. दोन दिवस याच्या पोटात पाणी नाही."

ससा म्हणाला, थांबा, मी आधी गवत मोजतो. आणि खरंच मोजायला गेला. तुम्हाला वाटेल अंदाजाने. नाही, काडी काडी. चार हजारांवर पोचला आणि शिंक आली, म्हणून पहिल्यापासून सुरू केलं. ऊन चढलं. वासरू दगडाच्या सावलीत बसलं, मग आडवं झालं.

हरिणीला ते बघवेना. ती धावत दगडापाशी आली आणि रडत रडत म्हणाली, "या, या. सगळं तुमचंच आहे. सशाच्या बिळासमोरचं कुरण तर खास तुमच्यासाठी."

सशाने लांबूनच विचारलं, "ताई, तुमच्या उतारावरचं का नाही देत?"

"अरे, तिकडे माझी पाडसं चरतात," हरिणी म्हणाली, आणि याही गोष्टीचं तिला रडू आलं.

गवे तहानलेले होते. 'या' ऐकल्यावर ते आले, आणि आले ते सरळ झऱ्यात. झरा केवढा, तर दोन हरणं शेजारी शेजारी उभी राहिली की भरला. त्यात पाच गवे उतरले. पाणी थोडा वेळ होतं, मग चिखल होता. वासराला वाट मिळेपर्यंत तर चिखलही घट्ट झाला होता. येताना एकाच्या पायाखाली सशाच्या बिळाची दोन तोंडं बुजली. गव्याने माफी मागितली, पण माफी मागायला तो मागे सरला आणि तिसरं बुजलं.

दुपारी करंजाच्या झाडाखाली सभा भरली. माकड वर बसलं होतं. ते म्हणालं, गवे बिळांवर मुद्दाम बसतात असं त्याने ऐकलंय. कुणाकडून, असं विचारल्यावर ते दुसऱ्या फांदीवर गेलं. हरिणीच्या नाकाला चिखल लागला होता आणि तिचं कोवळं मन सकाळपेक्षा बरंच निबर झालं होतं. ती म्हणाली, आपण फक्त 'या' म्हटलं होतं, 'राहा' असं कुणी म्हटलं असेल तर त्याने पुढे यावं.

मग ससा उठला. त्याने आकडा सांगितला. पावसाला पस्तीस दिवस आहेत. फक्त आपणच खाल्लं तर गवत चाळीस दिवस पुरतं. गवे धरले तर नऊ. "माझी अकरा पिल्लं आहेत," ससा म्हणाला. "मला गव्यांचा राग नाही. पण दहाव्या दिवशी मी त्यांना काय घालू, एवढं कुणीतरी सांगा."

आकडा बरोबर होता, त्यामुळे सगळ्यांची मान खाली.

गवीने वाद घातला नाही. ती म्हणाली, "बरोबर आहे, दादा. तुमच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. आम्ही निघतो. फक्त हे उठलं की." आणि ती वासराला नाकाने ढोसायला लागली. वासरू उठेना. तिने परत ढोसलं. ससा बघत होता. गवी किती वेळा ढोसते ते तो सवयीने मोजत होता, आणि सहा की सात इथे त्याचा आकडा चुकला.

ती शिंक सोडली, तर सशाचा आकडा त्याआधी कधीच चुकला नव्हता. त्यामुळे तो स्वतःच दचकला.

"माझ्या मागून आणा त्याला," तो म्हणाला.

बिळाच्या मागे, घाणेरीच्या जाळीत, जमिनीतून झिरपणारा एक झिरा होता. ओंजळभर पाणी, पण स्वच्छ. सशाने तो मोजून ठेवला होता आणि कुणाला सांगितला नव्हता. चार गव्यांनी वासराला शिंगांनी उचलून, ढकलून तिथवर नेलं. वासराने जाळीत तोंड घातलं. ते पाणी प्यायल्याचा आवाज करंजाखाली बसलेल्यांना ऐकू आला, आणि या वेळी हरिणी सोडून बाकीचे रडले. हरिणी म्हणाली, झिरा आहे हे आधी सांगता आलं असतं.

"आता परत मोजायला लागेल," ससा म्हणाला.

तेवढ्यात खालून आवाज आला, "ससेभाऊ, एक शंका आहे."

शेणकिडा होता. गवे आल्यापासून तो कुणाला दिसला नव्हता, कारण तो एका ताज्या शेणाच्या पोमध्ये होता. सपाट, पसरट, कुठूनही गोल नसलेलं शेण त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. त्याचा चेहरा उजळला होता, जेवढा दिसत होता तेवढा. त्याने विचारलं, "तुमच्या मोजणीत ते मागच्या माळावरचं उंच गवत धरलंय का?"

"धरलंय की. सगळ्यात जास्त तेच आहे."

"आणि ते खातं कोण?"

ते गवत हरिणीच्या पाठीएवढं उंच होतं आणि सुतळीसारखं चिवट. सशाला चावत नसे. आत बिबट्या लपतो म्हणून हरणं त्या बाजूला जात नसत. ससा मोजायच्या नादात ते दर वर्षी मोजायचा, पण त्यातली एक काडी कुणी कधी खाल्ली नव्हती.

ससा जागच्या जागी बसला आणि पंज्यावर हिशोब केला. उंच गवत वगळलं, तर गवे असोत नसोत, सशा-हरणांच्या स्वतःच्याच घरात बारा दिवसांचं खाणं होतं. अकरा पिल्लं, आणि बारा दिवस.

त्याने गवीला विचारलं, "बाई, तुम्ही चिवट खाता का?"

"आम्ही दुसरं काही खातच नाही," गवी म्हणाली.

मग अटी ठरल्या. गव्यांनी माळावर चरायचं, कुरणात पाय ठेवायचा नाही. झऱ्याच्या उगमात कुणी उतरायचं नाही, पाणी खालच्या बाजूला प्यायचं, एकेकाने. पाऊस लागला की पुढचं परत बसून बोलायचं. आणि माफी मागायची झाली तर पुढे बघून मागायची. गवीने सगळं कबूल केलं. झरा दोन दिवसांत निवळला. माळावरचं उंच गवत उतरत गेलं, तसं बुडाशी ओलीवर कोवळं हिरवं फुटायला लागलं, आणि ते सशाची पिल्लं खायला लागली. बिबट्याला लपायला जागा राहिली नाही, म्हणून तो कंटाळून गेला. बारावा दिवस आला आणि गेला. सशाने तो दोनदा मोजला.

शेणकिड्याचं विचारूच नका. त्याला जेवायला वेळ मिळेना. म्हणजे काम आणि जेवण एकच असल्यामुळे मिळत होता, पण कुरकुर करायला मिळेना.

मग एका सकाळी, पाऊस दहा दिवसांवर असताना, हद्दीवरच्या काळ्या दगडापाशी चाळीस शेणकिडे येऊन उभे राहिले. त्याच जळलेल्या जंगलातले. बायका, पोरं, पाठीवर राख. आपला शेणकिडा धावत पुढे गेला आणि वाट अडवून उभा राहिला.

"जागा नाही," तो म्हणाला. "आधी आमच्या इथल्यांना काम मिळू दे. आणि यांची रीत वेगळी आहे. हे गोळा मागच्या पायांनी ढकलतात."

सशाने विचारलं, "तू कशाने ढकलतोस?"

"मागच्याच. पण आमचं ढकलणं वेगळं."

ससा दगडावर चढला. त्याने चाळीस शेणकिड्यांकडे पाहिलं, मग लांब माळावर चरणाऱ्या पाच गव्यांकडे आणि त्यांच्या मागे उड्या मारणाऱ्या वासराकडे पाहिलं.

"शेण किती आणि शेणकिडे किती, ते मी मोजतो," तो म्हणाला. "बसत असतील तेवढे बसतील, उरले त्यांचं काय ते मिळून बघू. पण तू बिळामागे जा, आणि मी मोजेपर्यंत त्यांना पाणी दे."

तात्पर्य : दारात तहानलेला आला तर हिशोब जरूर करावा, पण पाणी आधी द्यावं. आणि हिशोबात दुसऱ्याचं कुरण आणि आपण कधीच न खाल्लेलं गवत धरू नये.

गोष्ट संपली. आता तुम्ही म्हणाल, ससा खरंच बोलला का, माकड खोटं सांगत असेल, आधी चौकशी करू. करा की. जरूर करा. तोवर चिक्की इकडे द्या.