ज्योतीखालची सात भोकं

फार जुनी गोष्ट आहे; इतकी जुनी, की तिच्यातल्या राजाचं नाव त्याच्या डोंगरांनाही आता आठवत नसेल. त्याच्या राज्यात एक खिंड होती. तिथे वारा म्हणून कधी झोपत नसे. कंदील उघडा नेला तर वारा ज्योत विझवी. चहूबाजूंनी अभ्रक लावून बंद केला तर ती आतल्या आत गुदमरे.

एका तांबटाच्या विधवेने मात्र असा कंदील घडवला, जो खिंडीतही विझेना.

राज्याचा कायदा असा, की खरोखर नवी वस्तू करणाऱ्याला राजमुद्रा मिळे. मग बारा वर्षं ती दुसऱ्या कुणी करायची नाही. मुद्रा नाकारली, तर मोठे कारखानदार आठवड्यात ढीगभर कंदील ठोकणार आणि बाईची एकुलती हातोडी कायमची गप्प होणार.

निवाडा एका म्हाताऱ्या तांबटाकडे आला. त्याने कंदील उलटा केला. बुडाला सात बारीक भोकं. बस्स, एवढंच! ‘हे तर कुणालाही सुचलं असतं,’ तो मनात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खिंडीतच सगळे तांबट जमले.

“आजोबा, भोकं पाडायला कसली अक्कल?” एक कारखानदार हसला. “आमच्या झाऱ्याला शंभर आहेत!”

“मग कंदिलाला का नाही पाडलीत, भावजी?” बाई म्हणाली.

“मनात आलं नाही. आलं असतं तर चुटकीसरशी!”

बाजारात बघा ना, माल समोर आल्यावर नाकं मुरडणारे पैशाला पासरी.

म्हातारा म्हणाला, “साक्षीआधी आपल्या धंद्याची शपथ होऊ द्या. रीत आहे ती.”

सगळ्या पुरुषांनी हातोड्या कपाळाला लावल्या. म्हाताराही म्हणू लागला, “तांब्यात भेसळ करणार नाही. सांधलेलं भांडं नवं म्हणून विकणार नाही. ज्योतीखाली भोक पाडणार नाही. खालचा वारा दिव्याचा काळ...”

म्हाताऱ्याने कपाळाची हातोडी खाली घेतली. कारखानदाराने मान खाली घातली. चाळीस वर्षं म्हाताऱ्याने हेच वाक्य शिकवलं होतं, आणि काल कंदील हातात असताना ते त्याला आठवलंसुद्धा नव्हतं!

त्याने कंदील पेटवून खडकावर ठेवला. वारा फेटे उडवत होता. आत ज्योत समईसारखी सरळ उभी. ज्याला सगळे तिचा काळ म्हणत, तोच वारा सात भोकांतून तिला श्वास पुरवत होता. म्हाताऱ्याचे हात आपोआप जोडले गेले.

“पोरी, तुला कसं सुचलं गं?”

“चूल धुमसली की मी खालूनच फुंकते, आजोबा. आणि तुमची ती शपथ बायकांना देतंय कोण?”

राजमुद्रा बाईला मिळाली. शपथेतलं तिसरं वाक्य त्या दिवशीच गळलं.

सांगायचं ते इतकंच: पाहिल्यावर सोपं वाटलं, म्हणून पाहण्याआधी सुचणं सोपं होतं असं समजू नये.