राजाचा अंगठा

“म्हणजे मेलो की मेलेलंच पडून राहायचं? लोक वन्समोअर, वन्समोअर म्हणून बोंबलतायत तरी?”

विश्रामराव विचारत होता. दाजीबुवा सुपारी कातरत होते.

विश्रामराव कोण, हे खरं तर सांगायला नको. पण सांगतो. हल्लीच्या पोरांना माहीत नसतं आणि म्हाताऱ्यांना आठवत नसतं.

गायक नट! तबकड्या घरोघर वाजायच्या. बोलपटात घोड्यावर बसून ताना घ्यायचा. घोडा बिचकायचा, हा नाही. काड्यापेटीवर त्याचं चित्र होतं. आमच्या कोंडुर्ल्यात नवऱ्याची विडी पेटो न पेटो, रिकामी पेटी बायका फेकू देत नसत.

आणि दाजीबुवा? त्याच कोंडुर्ल्यातलं एक वाळकं खोड. तरुणपणी नाटक कंपनीत नायिका व्हायचे. मिशा फुटल्या तसे घरी आले आणि नट व्हायला निघालेल्या पोरांना गाणं शिकवू लागले.

त्यांची तऱ्हा वेगळी. पोराचे दोन्ही हात पंचाने बांधायचे आणि म्हणायचे, “गा.”

“बुवा, ताल कसा धरू?”

“पायाच्या अंगठ्याने. नाटकात हात राजाचे असतात, मेल्या. राजा मांडी बडवत बसला तर भजनी दिसतो. ताल खाली ठेव, कुणाला न दिसेल असा.”

चुकला की बुवा अंगठा चिमटीत धरून पिळायचे. विश्रामचा अंगठा बाकी शरीरापेक्षा आधी वयात आला, असं आम्ही गावातली पोरं म्हणायचो.

पण शिक्षण अर्ध्यावर टाकून विश्राम एका कंपनीबरोबर पळाला आणि बघता बघता विश्रामराव झाला. त्याचं दुखणं एकच. एक वर्तमानपत्रवाला बुवांच्या ओसरीवर आला होता. “विश्रामराव तुमचे शिष्य ना?”

बुवा म्हणाले, “असेल. मी त्याला अजून ऐकलेला नाही.”

छापून आलं ना ते! साऱ्या महाराष्ट्राने ऐकलेला गवई, आणि गुरूने ऐकलेला नाही. तेव्हापासून विश्रामरावाला गादी टोचायला लागली.

म्हणून तर तो उत्सवाला बिदागी न घेता गावात आला. दोन दिवस, एकाच नाटकाचे दोन खेळ. बुवांच्या तोंडून ‘माझा शिष्य’ एवढं वदवायचं, कोपऱ्यातला त्यांचा तंबोरा मागून घ्यायचा आणि तिसऱ्या दिवशी पहाटेच्या मोटारीने मुंबईला जायचं. तिथे नवा बोलपट खोळंबला होता.

पहिल्या दिवशी वैरागी राजाचं नाटक झालं. राजा शेवटी अनवाणी, उघड्या अंगावर नुसतं उपरणं घेऊन, एक पद गात गात मरतो. मांडव फुटायचा राहिला! वन्समोअर! मग काय, रिवाजाप्रमाणे पायपेटीवाल्याने पुन्हा सूर धरला, मेलेला राजा उठला, उपरणं झटकलं, तेच पद म्हटलं आणि आधीपेक्षा झोकात मेला. पुन्हा वन्समोअर. पुन्हा उठला...

पुढच्या खुर्चीत दाजीबुवा इतके हसले की कवळी हातात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रामराव ओसरीवर. चेहरा असा, की जणू कवळी त्याचीच पडली होती.

“काल हसलात का, बुवा?”

“तू उपरणं झटकलंस. म्हटलं, राजाला मरण चालतं, धूळ चालत नाही.”

“लोकांना आवडतं.”

“हो रे. आवडतं म्हणून तर रोज मारतात तुला.”

मग विश्रामरावाने ते मघाचं विचारलं, मेलेलंच पडून राहू का म्हणून. बुवांचा अडकित्ता चालूच...

“बुवा, मी काय करू म्हणजे मला शिष्य म्हणाल? तो तंबोरा द्याल?”

“आज दुपारच्या खेळात एकदाच मर.”

“एवढंच?”

“एवढंच.”

विश्रामराव खदखदून हसला. शेजारी बसलेला मीही हसलो. तो हसला, कारण त्याला ते सोपं वाटलं. मी हसलो, कारण मला आमचा गाव ठाऊक होता.

दुपारी मांडवात मुंगीला शिरायला जागा नाही. पडद्याची दोरी माझ्या हातात, म्हणजे सगळ्यांत चांगली जागा माझी.

काय गायला हो! पद संपलं, राजा कोसळला, आणि एकच कल्लोळ उठला.

“वन्समोअर!”

राजा पडून.

पायपेटीवाल्याने सूर धरला. राजा पडून. त्याने मान लांब करून विंगेतून पाहिलं, पुन्हा धरला. राजा पडून.

खोत खुर्चीवर उभे राहिले. भटजींनी आरती टाकून धाव घेतली. “वन्समोअर! वन्समोअर!” टोप्या उडाल्या. कुणाची तरी टोपी राजाच्या पोटावर पडली. तशीच राहिली.

नाकावर माशी बसली. नाकावरून ओठावर गेली, ओठावरून पुन्हा नाकावर... मला शिंक आली, राजाला नाही!

मग ओरडणं फाटलं. एक म्हातारी किंचाळली, “अगो बाय, राजा खराच गेलो की काय!” बायका हुंदके देऊ लागल्या. खोत हळूच खाली बसले. बघता बघता सगळा मांडव चिडीचूप. काड्यापेटीवरचा नट गेला होता. समोर एक राजा मरून पडला होता, आणि कोंडुर्लं त्याच्यासाठी रडत होतं.

पडद्याची दोरी ओढायची, तर माझ्याने हात उचलवेना.

त्या शांततेत पुढच्या खुर्चीत टक... टक... वाजलं.

दाजीबुवा. हात खुर्चीच्या दांड्यावर. ओसरीवर शिकवलेला जुना ठेका, अगदी हळू.

मेलेल्या राजाच्या उजव्या पायाचा अंगठा उठला.

पडला.

पुन्हा उठला.

मी पडदा टाकला!

पडदा पडतो न पडतो तोच राजा ताडकन उभा. “मेलो! अरे, एकदाच मेलो! माशी बसली तरी हललो नाही!” पायपेटीवाल्याला मिठी, मला मिठी, खांबाला मिठी. बुवा धापा टाकत पायऱ्या चढून आले तेव्हा त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

“बुवा, ऐकलंत ना? आता तरी ऐकलंत ना मला?”

बुवा त्याच्या पायाशी खाली बसले.

“अहो बुवा, काय करताय! माझ्या पायाशी कसले...”

बुवांनी उजवा अंगठा चिमटीत धरला आणि पिळला.

“आई गं!”

विश्रामरावाने अंगठ्याकडे पाहिलं, बुवांकडे पाहिलं. चेहऱ्याचा रंग घामाबरोबर ओघळला.

“हा... हलला होता?”

बुवांनी मान डोलावली.

बाहेर लोक अजून नाकं शिंकरत होते.

“मग... तंबोरा?”

बुवा अंगठ्यावरून हात फिरवत होते, जणू माहेरी आलेल्या लेकीच्या पाठीवरून.

“विश्रामराव छान मेले,” ते म्हणाले. “हा एवढाच वाचलाय. ह्याला शिकवीन. उद्या पहाटे घेऊन ये.”